सहा वर्षांची पड, एका वर्षाचं भात

थायलंडच्या वायव्येला मे हाँग सॉन प्रांत आहे आणि त्याच्या दक्षिण टोकाला सोप मोई तालुका. पलीकडे साल्विन नदी, नदीपल्याड म्यानमार. या तालुक्यातल्या डोंगरात टीचा नावाचं करेन लोकांचं एक छोटं गाव आहे. इथलं पोट चालतं ते उतारावर पेरलेल्या, निव्वळ पावसावर येणाऱ्या भातावर. २००० च्या आसपास चिआंग माय विद्यापीठातल्या कृषिशास्त्रज्ञांचं या गावाकडे लक्ष गेलं. जमिनीला मिळणारा विसावा, म्हणजे पड, कमी झाला की डोंगरातलं भात खाली येतं, हा सगळीकडचा अनुभव. टीचात विसावा सहा वर्षांवर आला होता, तरीही भात तग धरून होतं. असं का, हा प्रश्न त्यांनी धरला. त्याचं उत्तर एका झाडात सापडलं, आणि ते झाड गावातल्या बायकांना आधीपासून ठाऊक होतं.

पण त्या उत्तराने टीचासारख्या गावांची अडचण संपली नाही. विसाव्याच्या वर्षांना कागदावर काय म्हणायचं, यावरच सगळं अडलेलं आहे.

करेन ही थायलंडमधली सर्वांत मोठी डोंगरी जमात. त्यांच्यातले स्गॉ करेन स्वतःला 'प्गा कन्यौ' म्हणवतात, म्हणजे साधं 'माणूस'. पलीकडे म्यानमारमध्ये त्यांची संख्या कितीतरी जास्त आहे. थाई भाषेत त्यांच्या शेतीला दोन नावं आहेत. जुने सरकारी कागद 'राई लुआन लॉय' म्हणत, म्हणजे वाहवत जाणारं, भटकं शेत. करेन लोक आणि त्यांच्या बाजूने बोलणारे अभ्यासक म्हणतात 'राई मून विआन', फिरून मूळ जागी येणारं शेत. आपल्या शाळेच्या भूगोलातही 'स्थलांतरित शेती' हाच शब्द आहे. लोक एक डोंगर जाळतात, नासवतात आणि पुढच्या डोंगरावर निघून जातात, असं चित्र तो शब्द वाचताना डोळ्यांपुढे येतं. टीचात असं काहीच होत नाही. गाव जागचं हलत नाही. शेत सात तुकड्यांत फिरतं आणि आठव्या वर्षी पहिल्या तुकड्यावर परत येतं. सह्याद्रीत अशा शेतीला कुमरी म्हणत. तो शब्द मला जास्त जवळचा वाटतो, त्यात निदान निघून जाण्याचा आरोप नाही.

वर्षाचं काम साधारण असं चालतं. जानेवारी-फेब्रुवारीत जागा ठरते. जागा पाहायला गेल्यावर भेकर ओरडलं तर तो तुकडा त्या वर्षी सोडून द्यायचा, असा जुना रिवाज. मग तोडणी. झाड मुळासकट उपटत नाहीत, बुंधा कमरेएवढा राखतात म्हणजे त्यालाच पुन्हा धुमारे फुटतात. मोठ्या झाडांच्या नुसत्या फांद्या उतरवतात. तोडलेला पाला-पाचोळा उन्हात महिना-दीड महिना वाळतो. मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये शेताच्या चारी बाजूंनी माती उघडी पडेपर्यंत झाडून जाळरेषा काढतात आणि भर उन्हाच्या वेळी, उताराच्या वरच्या कडेने आधी आग लावतात. खालून लावली तर आग डोंगर चढत सुटते, वरून लावली तर उतरताना जरा दमाने येते. नीट वाळलेला तुकडा थोड्या वेळात जळून जातो.

मे महिन्यात पहिले पाऊस पडले की टोकणणी. लोखंडी टोक लावलेले लांब बांबू घेऊन पुरुष उतारावर ओळीने वर सरकतात आणि खळगे पाडत जातात. बायका मागून येतात, चिमटीत मावतील तेवढे दाणे प्रत्येक खळग्यात टाकतात. नांगर नाही, कुदळीने खणणंही नाही. माती हललीच नाही तर पावसात वाहून किती जाणार? हे काम सावडीचं असतं, आज तुमच्या शेतावर तर उद्या आमच्या. भाताबरोबर काकडी, भोपळा, मिरची, तीळ, अळू, मोहरीचा पाला, वांगी, वाल-घेवड्यासारख्या शेंगा, असं बरंच काही त्याच जमिनीत जातं. भात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापलं जातं. मिरची आणि कंद मात्र पुढचं वर्षभर तिथून आणता येतात. म्हणून पहिल्या वर्षीची पडसुद्धा रिकामी नसते, तो घरचा भाजीमळाच असतो.

पेरणी आणि कापणी यांच्या मधे असते ती बेणणी, म्हणजे तण काढणं. हंगामातलं सर्वांत जिवावरचं काम हे. डोंगरभाताचं गणित कागदावर मांडणारे लोक टनांत बोलतात, पण शेतकरी बाईला पडीची लांबी कळते ती बेणणीच्या दिवसांवरून. जमीन दहा वर्षं झाडीखाली राहिली की सावलीत तणांचं बी मरतं आणि पीक आल्यावर तण थोडं उगवतं. पड तीन-चार वर्षांवर आली की झाडी जेमतेम मिटते आहे तोवर तोडायची वेळ येते, तणाचं बी जिवंत राहतं आणि तीच बाई त्याच शेतात दुप्पट दिवस वाकते. तण हाताबाहेर गेलं की तणनाशक येतं. थायलंडने पॅराक्वाटवर १ जून २०२० पासून बंदी घातली, तोवर ते डोंगरातल्या शेतांवरही सर्रास फवारलं जायचं. घसरणीच्या शेवटी 'या खा' नावाचं चिवट गवत जमिनीचा ताबा घेतं. त्या गवतात भात टोकणं म्हणजे बियाणं वाया घालवणं.

पड कमी का झाली, याला एकच कारण नाही. १९६० च्या दशकात शेजारच्या मे सरिआंगच्या डोंगरांत मानववंशशास्त्रज्ञ पीटर कुन्स्टाटर यांनी करेन आणि लुआ (तिथलीच दुसरी डोंगरी जमात) यांच्या गावांचा बारकाईने अभ्यास केला. तेव्हा तिथला फेरा दहा वर्षांच्या आसपासचा होता. नंतर माणसं वाढली, पण जास्त परिणाम झाला तो जमीन आकसल्याचा. थायलंडमध्ये १९६१ चा राष्ट्रीय उद्यान कायदा आला, १९६४ चा राखीव वनांचा कायदा आला आणि डोंगरातली बहुतेक जमीन नकाशावर सरकारी जंगल झाली. नोव्हेंबर १९८८ मध्ये दक्षिण थायलंडात मोठा पूर आला, दरडी कोसळल्या, शेकडो माणसं गेली. त्यानंतर जानेवारी १९८९ मध्ये सरकारने लाकूडतोडीचे ठेके देशभर बंद केले. निर्णय योग्यच होता. पण जंगल वाचवायच्या मोहिमेचा रोख मग डोंगरातल्या शेतकऱ्यांकडे वळला. तोडणाऱ्या कंपन्या निघून गेल्या होत्या, कुऱ्हाड हातात दिसणारा माणूस तेवढा उरला होता.

गावांपुढे मग मोजकेच रस्ते राहिले. ज्यांच्याकडे ओढ्याकाठची जागा होती त्यांनी खाचरं काढली आणि भात पाण्याखाली नेलं. तो बदल चांगला टिकला, पण अशी जागा फार थोड्यांकडे. ज्यांच्याकडे गाडीरस्ता पोहोचला त्यांनी कोबी लावला किंवा पशुखाद्यासाठी मका घेतला. चिआंग मायच्या मे चेम तालुक्यात मक्याने डोंगरच्या डोंगर व्यापले. मक्याला पड लागत नाही, दर वर्षी तिथेच पेरायचा. पण त्याला बियाणं, खत आणि फवारणी उधारीवर घ्यावी लागते आणि बाजारभाव पडला की उधारी शेतकऱ्याच्या गळ्यात राहते. टीचाने भात सोडलं नाही. फेरा सात वर्षांवर आणला, एक वर्ष पीक आणि सहा वर्षं पड, आणि त्या सहा वर्षांकडून जास्त काम करून घेतलं.

हे काम करणारं झाड म्हणजे पडा. करेन लोक त्याला याच नावाने ओळखतात. शास्त्रीय नाव मॅकरँगा डेंटिक्युलाटा. 'पड' आणि 'पडा' यांचं साम्य हा निव्वळ योगायोग, पण मराठी माणसाला हे झाड लक्षात ठेवायला तो बरा. कोकणातला चांदाडा याच कुळातला. गोलसर मोठं पान, आणि देठ पानाच्या कडेला चिकटण्याऐवजी जरा आत, कमळाच्या पानासारखा जोडलेला. दोघांचा स्वभावही एकच. जंगल उघडं पडलं, ऊन जमिनीला लागलं की सर्वांत आधी हे उगवतात, भराभर वाढतात, आणि मागून येणाऱ्या झाडांना सावली देतात.

पड्याचं बी जमिनीत दबून असतं. शेत जळलं आणि पाऊस पडला की भाताच्या रोपांबरोबर पड्याची रोपंही वर येतात. इथे करेन शेतकरी जे करतात ते बाहेरच्या माणसाच्या नजरेतून सहज निसटेल. जून-जुलैतल्या बेणणीत, खुरप्यासारखं आखूड हत्यार मातीच्या लगत फिरत असताना, पड्याच्या रोपापाशी हात थांबतो. बाकीचं तण जातं, पडा राहतो. भात कापलं जाईपर्यंत ही रोपं शेतात पसरलेली असतात आणि कापणी झाली की जमीन त्यांच्या ताब्यात. पड सुरू होण्याच्या आधीच तिची लावणी झालेली असते. रोपं लावली नाहीत, फक्त काढली नाहीत. त्यामुळे वर्षाच्या कामाच्या यादीत ही गोष्ट कुठेच दिसत नाही.

नारित यिम्याम, कनोक रेर्कसेम आणि बेंचवन रेर्कसेम यांनी टीचातल्या या पद्धतीवरचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. गावकऱ्यांचं म्हणणं होतं की पडा दाट असलेल्या जागी भात चांगलं येतं. मोजणीत तेच निघालं. दाट पड्याच्या तुकड्यांत झाडोऱ्याचं वजन जास्त, त्यात साठलेली अन्नद्रव्यं जास्त, आणि नंतरचं भातही विरळ पड्याच्या तुकड्यांपेक्षा ठळकपणे सरस.

याचं कारण मुळांत आहे. तिथली माती आम्लधर्मी. अशा मातीत स्फुरद (फॉस्फरस) असला तरी लोह आणि ॲल्युमिनियमशी जखडून बसतो, पिकाला मिळत नाही. पड्याच्या मुळांत एक प्रकारची बुरशी राहते, तिला मायकोरायझा म्हणतात. तिचे केसाहून बारीक तंतू मुळांच्या आवाक्याबाहेरच्या मातीत जातात, तिथला स्फुरद गोळा करून झाडाला देतात आणि बदल्यात झाडाकडून साखर घेतात. टीचातल्या पड्याच्या मुळांभोवतीच्या मातीत या बुरशीच्या २९ जाती मिळाल्या. कुंडीत लावून पाहिलं तेव्हा बुरशी असलेली रोपं बुरशी नसलेल्या रोपांपेक्षा कितीतरी जोमदार वाढली. सहा वर्षं हा व्यवहार चालतो, स्फुरद खोडा-पानांत साठत जातो. मग तोडणी आणि जाळणी होते, राख मातीत मिसळते, आम्लता उतरते आणि साठवलेला स्फुरद, पालाश, चुना भाताच्या मुळांशी येतो. नत्राचा बराच भाग आगीत उडून जातो, ही या पद्धतीतली खरीखुरी तूट आहे. ती लपवून करेन शेतीची बाजू घेण्यात अर्थ नाही.

आग सगळ्यांना दिसते म्हणून या शेतीला 'जाळपोळीची शेती' म्हणतात. माझ्या मते आग हे इथे फक्त कोठार उघडणं आहे. कोठार भरण्याचं काम सहा वर्षांचं आणि ते आवाज न करता चालतं. भाताचं वर्ष म्हणजे पिकाचं आणि बाकीची सहा बिनकामाची, ही मोजणीच चुकीची आहे. सातही वर्षं भाताचीच.

पड्यालाही मर्यादा आहे, आणि टीचाचं उदाहरण देणाऱ्यांनी ती सांगायला हवी. दहाची पड सहावर आली तेव्हा पड्याने सावरून घेतलं. पण झाडाने पुरेसं बी धरायच्या आधीच ते तोडत गेलात, तर मातीतला बियांचा साठा दर फेऱ्याला आटत जाणार आणि एका फेऱ्यात पडा विरळ, पुढच्यात आणखी विरळ होत जाणार. तेव्हा रिकाम्या जागेत रानमोडी शिरते. आपल्याकडे सह्याद्रीत पसरलेली आहे तीच ही रानमोडी. ती गवतापेक्षा बरी, पानांचं आच्छादन करते, पण पड्याची जागा ती घेऊ शकत नाही. म्हणून 'करेन लोकांना झाड सापडलं आहे, आता त्यांना जमीन आणखी कमी दिली तरी चालेल' असा अर्थ कुणी काढला, तर तो या अभ्यासाच्या नेमका उलट आहे.

आता कागद. ३० जून १९९८ रोजी थाई मंत्रिमंडळाने ठराव केला की वनजमिनीवर कोण आधीपासून कसत होतं ते हवाई छायाचित्रांवरून तपासावं. २०१४ मध्ये लष्करी राजवटीने आदेश क्रमांक ६४ काढून वनजमिनी परत घेण्याची मोहीम उघडली. तपासणीत छायाचित्र काय दाखवतं ते पाहा. भात असलेला तुकडा शेत म्हणून दिसतो. पाच वर्षांची, पड्याने गच्च मिटलेली पड मात्र वरून जंगल दिसते. म्हणजे ज्याने पड चांगली राखली त्याचे सातातले निम्म्याहून जास्त तुकडे जंगलखाती जातात. आणि ज्याने दर वर्षी जमीन उघडी ठेवून मका घेतला त्याची वहिवाट छायाचित्रातच सिद्ध होते. झाडं जगवली म्हणून जमीन जाते आणि उखडली म्हणून टिकते. डोंगरावर मका का पसरला याच्या चर्चेत बाजारभाव येतो, रस्ते येतात. ही गोष्टही यायला हवी.

चांगलं काही घडलंच नाही असं नाही. ३ ऑगस्ट २०१० च्या ठरावाने करेन लोकांची जीवनपद्धती जपण्याचं धोरण मान्य केलं, त्यात फेऱ्याच्या शेतीचा स्पष्ट उल्लेख होता. २०१३ मध्ये ही शेती राष्ट्रीय अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. त्याच वर्षी चिआंग राय प्रांतातल्या हिन लाद नाय या करेन गावाचे पुढारी प्रीचा सिरी यांना संयुक्त राष्ट्रांचा वनवीर पुरस्कार मिळाला. लाकूडतोडीत नागवलं गेलेलं जंगल त्या गावाने परत उभं केलं, आणि भाताचा फेराही सोडला नाही.

पण मंत्रिमंडळाचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. पेचाबुरी प्रांतातल्या केंग क्राचान राष्ट्रीय उद्यानात बांग क्लोय गावच्या करेन लोकांची घरं आणि भाताची कोठारं २०११ मध्ये जाळली गेली, हा ठराव होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा. २०१८ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती जाळपोळ बेकायदा ठरवून भरपाई द्यायला लावली. जुन्या जागी परतण्याचा हक्क मात्र लोकांना मिळाला नाही. भाताचं कोठार जाळणं म्हणजे नुसतं अन्न जाळणं नसतं, त्यात पुढच्या वर्षाचं बियाणं असतं. डोंगरभाताच्या कित्येक जाती बाजारात मिळतच नाहीत, त्या फक्त घराघरातल्या टोपल्यांत असतात.

दुसरी अडचण आगीच्या तारखेची. दर वर्षी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये उत्तर थायलंड धुरात बुडतो, चिआंग मायची हवा श्वास घेण्याजोगी राहत नाही. त्यावर उपाय म्हणून प्रांत-प्रांतांत साठ दिवसांच्या आसपास संपूर्ण आगबंदी लागते. धूर खरा आहे, त्याने मुलं आणि म्हातारी माणसं आजारी पडतात, हेही खरं. पण बंदी उठेपर्यंत एखादा वळवाचा पाऊस पडून गेला, तर वाळलेला पाला भिजतो, आग अर्धवट लागते, राख कमी आणि धूर जास्त होतो, आणि तणांचं बी जळत नाही. वर्षाची बेणणी तिथेच वाढून बसते. चिआंग माय प्रांताने पुढे मोबाइल ॲपवर नोंद करून, हवेचा अंदाज पाहून जाळायची परवानगी देणं सुरू केलं. सरसकट बंदीपेक्षा हे शहाणपणाचं आहे. जाळरेषा काढून दुपारभर उभं राहून जाळलेला तुकडा आणि मोकाट पेटलेला डोंगर यांत फरक करण्याची ही निदान सुरुवात.

आणि तिसरी अडचण क्षेत्राची. २०१९ च्या राष्ट्रीय उद्यान कायद्याने आत राहणाऱ्यांना जमीन कसू द्यायची सोय केली. २०२४ च्या अखेरीस त्याचे नियम आले: एका कुटुंबाला २० राईपर्यंत, २० वर्षांच्या मुदतीने. सव्वासहा राई म्हणजे एक हेक्टर, तेव्हा २० राई म्हणजे ३.२ हेक्टर. खाचरवाल्याला किंवा मकेवाल्याला ही जमीन पुष्कळ आहे. टीचाच्या फेऱ्याने तिला सातने भागलं की वर्षाला तीन राईसुद्धा येत नाहीत, एक एकराहून जेमतेम जास्त. तेवढ्यावर घर वर्षभर भात खाऊ शकत नाही. मग फेरा तीन वर्षांवर आणायचा किंवा पड सोडून द्यायची. आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्यातही वैयक्तिक दाव्याला चार हेक्टरची मर्यादा आहे, तीही प्रत्यक्ष कब्जात असलेल्या जमिनीलाच. रायगडच्या दळी जमिनींवर नाचणी-वरी फिरवून घेणाऱ्या ठाकूर-कातकऱ्यांच्या दाव्यांत हाच पेच येतो: विसाव्याला टाकलेला तुकडा कब्जातला धरायचा की नाही?

यावर उपाय अवघड नाही. घरागणिक तुकडा मोजण्याऐवजी गावाचा सगळा फेरा, चालू शेत आणि सहाही पडी मिळून, एकत्र नोंदवायचा आणि गावाच्या नावावर लावायचा. करेन गावांत कोणत्या वर्षी कोणत्या अंगाचा डोंगर तोडायचा हे गाव मिळूनच ठरवतं, तेव्हा यात नवीन असं काही शिकवावं लागणार नाही. नोंद करताना पड्याची दाटी हा वहिवाटीचा पुरावा धरावा. तशी झाडी कुणीतरी बेणणीत हात आवरल्याशिवाय उभी राहत नाही. २०२५ मध्ये थायलंडने वांशिक समूहांच्या जीवनपद्धतीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. त्याचा उपयोग या नोंदीसाठी होतो का, हे आता तालुक्याच्या कचेऱ्यांत ठरेल.

तोवर दर जुलैला उतारावर तोच प्रसंग येत राहणार. भाताच्या दोन चुडांमध्ये वीतभर पड्याचं रोप उभं असतं. ते राखलं तर सहा वर्षांनी वरून काढलेल्या छायाचित्रात तिथे जंगल दिसेल. ते उपटलं तर सहा वर्षांनी त्या जागी भात येणार नाही. खुरपं त्याच्यापाशी येतं, आणि अजून तरी बाजूने निघून जातं.